बॅरिस्टरांचा जग

"ही वस्तू कधी हरवली होती? चोरीला गेली होती? तशी तक्रार कुठे नोंदवली होती?"

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न. लिलावगृहातल्या सात वर्षांच्या नोकरीत तो मी शेकडो वेळा विचारला असेन, आणि बहुतेक वेळा समोरच्याचं उत्तर येण्याआधीच 'नाही'वर खूण करून मोकळी झाले असेन. त्या दिवशी मात्र मी पेन वर धरून समोरच्या माणसाकडे बघत राहिले.

"नाही," उदय त्रिलोकेकर म्हणाला.

पंचेचाळिशीचा माणूस, पांढरा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्याला 'म्हणाले' असं लिहायला हवं. पण माझा हात अजून तसं लिहायला तयार होत नाही.

"कधीच नाही?"

"मॅडम, पपा बॅरिस्टर होऊन आले ना लंडनहून, अडतीस साली, तेव्हा घेऊन आले हा. तेव्हापासून घराबाहेर पडलेला नाही. तुमच्या कॅटलॉगमध्ये तसं लिहा की. एकाच घराण्यात राहिलेल्या वस्तूला भाव चांगला येतो म्हणतात."

येतो. चांदीच्या जुन्या वस्तूंचं काम माझ्याकडेच होतं, मला ते त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. जग आमच्या दोघांच्या मध्ये हिरव्या कापडावर उभा होता. काचेचं गोल पोट, त्यावर उभ्या कापीव रेषा, वर चांदीची मान, द्राक्षांच्या घोसाची कळ असलेलं झाकण. जगाचा कान म्हणजे चांदीची पिळदार द्राक्षवेल होती. तांबडी वाइन बाटलीतून हलक्या हाताने यात ओतायची, गाळ बाटलीतच ठेवायचा आणि मग हा जग टेबलावर फिरवायचा, अशी ती पद्धत. मी कान माझ्याकडे वळवला. वेलीला सात पानं होती, आणि आठव्या जागी नुसता देठ.

मी 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

"सही करा. पूर्ण नाव लिहा. तारीखही घाला."

त्याने सही केली. मी ती नीट वाळू दिली.

हे २००४ सालातलं. ती सात पानं मी आठ वर्षांची असताना मोजली होती. माझे वडील, लवू घाडीगांवकर, बॅरिस्टर त्रिलोकेकरांच्या गावदेवीच्या बंगल्यात चौदा वर्षं बटलर होते. मूळचे देवगडकडचे. लग्नाआधी एका इंग्रज कंपनीच्या गेस्टहाउसात ते टेबल लावायला शिकले होते. बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो. शनिवारी बाबा खडूची पूड ओली करून चांदी घासायचे आणि मी बाजूला उकिडवी बसायची. जग पुसून झाला की ते माझ्यासमोर धरायचे. त्याच्या पोटात माझं तोंड उलटं दिसायचं. बॅरिस्टरसाहेबांकडे दारूचा परवाना होता, महिन्यातून एकदा पाहुणे यायचे, आणि त्या रात्री हा जग हातात घेऊन टेबलाभोवती फिरायचा मान बाबांचा.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात, मेजवानीच्या दिवशी सकाळी, साहेबांनी कपाट उघडलं आणि जग तिथे नव्हता. कपाटाची किल्ली दोघांकडे असायची, बाईसाहेबांकडे आणि बाबांकडे. साहेबांनी एक प्रश्नही न विचारता फोन उचलला.

चार दिवस बाबा चौकीत होते. त्यांच्या तळपायांवर मारत होते, कारण तिथलं कोणाला दिसत नाही. काहीच सापडलं नाही म्हणून शेवटी सोडून दिलं. खटला झाला नाही, त्यामुळे निर्दोष असा शिक्काही कधी बसला नाही. पाचव्या दिवशी आमची ट्रंक, स्टोव्ह आणि गाद्या फाटकाबाहेर होत्या. भांडुपला आईच्या मावसभावाच्या चाळीत आम्ही एका खोलीचे झालो. बाबांना पुन्हा कोणी टेबलापाशी उभं केलं नाही. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते कपबश्या विसळायचे. आईने अठरा वर्षं खानावळीत चपात्या लाटल्या आणि शहाण्णव साली ती गेली.

आणि तो म्हणत होता, घराबाहेर पडलेला नाही.

मी कोणालाही काही बोलले नाही. कॅटलॉगचा मजकूर मीच टाइप केला. '१९३८पासून एकाच कुटुंबाच्या ताब्यात, अखंड.' अखंड हा शब्द टाइप करताना मी कळा इतक्या जोरात दाबत होते की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर करून पाहिलं. कॅटलॉग छापून आला, सातशे लोकांच्या घरी पोचला. मग मी आईच्या ट्रंकेतून तो कागद काढला. साहेबांच्या तक्रारीची नक्कल आईने का जपली होती कोण जाणे. कागदावर जगाचं वर्णन होतं, तारीख होती, आणि संशयित म्हणून बाबांचं नाव.

लिलावाच्या आदल्या दिवशी मी तो सामंत मॅडमच्या टेबलावर ठेवला. देवयानी सामंत लिलावगृहाच्या प्रमुख. उद्या हातोडा घेऊन उभ्या राहणार होत्या त्याही त्याच. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"वैजयंती, हे तू मला तीन आठवड्यांपूर्वी का नाही दाखवलंस?"

"तेव्हा दाखवलं असतं तर तुम्ही जग गुपचूप परत पाठवला असता. मला त्याचं खोटं छापून यायला हवं होतं."

"म्हणजे तू मला वापरलंस."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी उदय त्रिलोकेकरला फोन लावला.

तो तासाभरात आला. केबिनचं दार लावून घेतलं. मी त्याच्यासमोर दोन कागद ठेवले, एक त्याच्या वडिलांच्या सहीचा, दुसरा त्याच्या.

"यातला खोटा कोणता?" मी विचारलं.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे फार जुनं प्रकरण आहे."

"मला जुन्याच वस्तूंचं काम आहे. कोणता खोटा?"

"वैजयंती, आवाज," मॅडम म्हणाल्या.

"तसं पाहिलं तर दोन्ही नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे, तेव्हा पपांना खरंच वाटलं होतं चोरीला गेला. मग काही महिन्यांनी तो घरातच सापडला. माळ्यावर. जुन्या गाद्यांमध्ये. कोणीतरी चुकून ठेवला असेल."

"सापडल्यावर तुम्ही पोलिसांना कळवलंत?"

"पपा म्हणाले, आता उगाच कशाला."

"ज्याला मारलं त्याला कळवलंत?"

एकदम त्याचा चेहरा बदलला. माझ्या टेबलावरच्या पाटीवर माझं फक्त पहिलं नाव होतं. त्याला आत्ता कुठे कळलं.

"तू... तू लवूची मुलगी? मागच्या खोलीतली? अगं, कसा आहे लवू?"

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"लवू नाही. घाडीगांवकर. लवू बाबाजी घाडीगांवकर. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. जमिनीवर पूर्ण पाऊल टेकवून अजून चालता येत नाही त्यांना, सव्वीस वर्षांत आलेलं नाही. आणि तू विचारतोस, कसा आहे? तुमच्या माळ्यावर जग सापडला तेव्हा आम्ही पंधरा मैलांवर होतो. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं!"

"मी काय करायला हवंय ते सांग," तो हळूच म्हणाला. तो काय देऊ करणार होता ते त्याच्या हातावरून कळत होतं. हात खिशात गेला होता.

"हात बाहेर काढ. पेन घे आणि लिही."

त्याने लिहून दिलं. लिलावगृहाच्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. सदर जग चोरीला गेला नव्हता, तो काही महिन्यांनी घरातच माळ्यावर सापडला, श्री. लवू बाबाजी घाडीगांवकर यांचा त्यात काहीही संबंध नव्हता, झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. 'श्री.' मी घालायला लावला. कागद घडी करून मी पर्समध्ये ठेवला.

तो गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "जगाचा लॉट लिलावातून मागे घेते. कागद तुझ्याकडे आहे. आता हे इथेच संपव."

"उद्या सगळ्यांसमोर कारण सांगा."

"कारणं सांगायची पद्धत नाही, आणि ते तुलाही माहीत आहे. मागे घेतला म्हणायचं आणि पुढे जायचं."

म्हणजे त्याचं खोटं सातशे घरांत छापलेलं असणार आणि खरं माझ्या पर्समध्ये राहणार. रात्रभर माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं होती. चाळिसावा लॉट वाइनच्या बाटल्यांच्या गळ्यात अडकवायच्या चांदीच्या छोट्या पट्ट्यांचा होता. त्यावर हातोडा पडला. मॅडमनी माझ्याकडे न बघता पान उलटलं.

"लॉट नंबर एक्केचाळीस मागे घेण्यात आला आहे. लॉट बेचाळीस..."

"का मागे घेतला ते सांगते," मी मागच्या भिंतीपाशी उभी होते तिथूनच म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा खूप मोठा निघाला. "हा जग अठ्ठ्याहत्तर साली चोरीला गेला अशी मालकांनी तक्रार दिली होती. लवू घाडीगांवकर नावाच्या त्यांच्या बटलरला त्यासाठी चार दिवस मारलं. जग चोरीला गेलाच नव्हता, त्यांच्याच घरात होता. तुमच्या हातातल्या कॅटलॉगमध्ये जे छापलंय ते खोटं आहे. ते मी टाइप केलंय. लवू घाडीगांवकर माझे वडील."

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणतेय ती? तो म्हणाला, काही नाही, कोणाच्या तरी नोकराचं प्रकरण आहे. कोणीतरी खोकलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने पान उलटलं. मग अडीचशे कॅटलॉगांची पानं उलटल्याचा आवाज झाला, आणि मॅडम म्हणाल्या, "लॉट बेचाळीस. फुलदाण्यांची जोडी."

दुपारी दोन वाजता माझी नोकरी गेली. मॅडम ओरडल्या नाहीत. "मी तुझ्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं," त्या म्हणाल्या, "पण मी माझ्या जागी आहे." तो जग पुढे दोन वर्षांनी परदेशातल्या एका लिलावात विकला गेला. तिथल्या कॅटलॉगमध्ये काय छापलं होतं ते मी बघितलं नाही.

टॅक्सीचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, तरी मी भांडुपपर्यंत टॅक्सी केली. मला त्या कागदासकट लवकरात लवकर घरी पोचायचं होतं.

बाबा खिडकीपाशी पाटावर बसून भेंड्या चिरत होते. मी चपलाही काढल्या नाहीत. उभ्याउभ्या त्यांना सगळं सांगितलं, जग आला तो दिवस, फॉर्म, तक्रारीचा कागद, हॉल. सुरी चालूच होती. मग मी पर्समधून कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागले. 'काही महिन्यांनी घरातच माळ्यावर' इथे मी पोचले तेव्हा सुरी थांबली.

"माळ्यार?" बाबा म्हणाले. आणि हसले. "त्या बंगल्याक माळो खंय होतो?"

मनातलं काही बोलायचं झालं की ते असे मालवणीत शिरायचे.

मी थांबले. गावदेवीचा बंगला डोळ्यांसमोर आणला. वर सपाट गच्ची, उंच छत. माळा नव्हता. मी दहा वर्षं तिथे वाढले होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग कुठे होता?"

"खंडाळ्याक नेल्यान होतो."

"कोणी?"

"उदयबाबान. मित्रांका दाखवूक."

मी खाली बसले. बाबांनी जे सांगितलं ते तुटक होतं, मधेमधे थांबून. शनिवारी किल्ली त्यांच्याकडून त्या पोरानेच मागून घेतली होती, आईचा डबा काढायचाय म्हणून. एकोणीस वर्षांचा, साहेबांना उशिरा झालेला एकुलता एक, बाबांच्या खांद्यावर बसून मोठा झालेला. मित्राच्या बंगल्यावर जग पडला, चांदीची मान काचेपासून निखळली. कोणा कारागिराकडे दिला दुरुस्तीला. सोमवारी हात हलवत परत आला आणि भांडारघरात बाबांचे पाय धरून रडला. लवू, पपा मला घराबाहेर काढतील, चार दिवसांत आणून ठेवतो, सांगू नकोस.

"आणि तुम्ही शब्द दिलात."

"दिलो."

"चौकीत नेलं तेव्हासुद्धा?"

"वाटलं, पोरगा बोलेल. आज बोलेल, उद्या बोलेल. तिसऱ्या दिवशी आला होता तो चौकीवर. माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन. म्हणाला, आज पपांना सांगतो." बाबांनी सुरी पुसली. "पुडा मी खाल्ला नाही. बाहेर पडताना तसाच ठेवून आलो."

"नंतर? नंतर का नाही बोललात?"

"नंतर कोण मानणार? म्हणाले असते, मार बसला म्हणून मालकाच्या पोराचं नाव घेतो."

माझ्या हातातला कागद म्हणजे दुसरं खोटं होतं. मी ते त्याच्याकडून 'श्री.'सकट लिहून घेतलं होतं, सही घेतली होती, वर त्याच्याच भरवशावर अडीचशे माणसांसमोर ओरडून सांगितलं होतं की जग त्यांच्या घरातच होता. मला तसंच उठून परत जायचं होतं आणि त्या माणसाची कॉलर धरायची होती. पण त्याआधी दुसरंच काही माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"आईला का नाही सांगितलंत?"

बाबांनी सुरी ताटात ठेवली.

"लोकांनी मानलं नसतं, ठीक. आईने मानलं असतं. तिला का नाही?"

"तिना इचारल्यान माका."

मला माहीत होतं. सुटून आले त्या संध्याकाळी आई गरम पाण्यात फडकं बुडवून त्यांचे तळपाय शेकत होती. मी ट्रंकेआड होते. आईने मान खाली घालून विचारलं होतं, खरं सांगा, घेतलात का? बाबांनी पाय ओढून घेतले होते. उत्तर मला ऐकू आलं नव्हतं, कारण त्यांनी ते दिलंच नव्हतं.

"बारा वर्षां संसार केल्यान माझ्यावांगडा," बाबा म्हणाले, "आणि इचारल्यान. मग मी काय बोलू?"

"नाही म्हणा! एवढंच. नाही म्हणा!" मी किंचाळले. शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. "नवरा चार दिवस चौकीत राहून आला, बायको विचारणार नाही? तिचा काय गुन्हा होता? तुम्ही रुसून बसलात, आणि तिने अठरा वर्षं चपात्या लाटल्या, हा माणूस चोर आहे की नाही हे न कळता. ती मेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं, बाबा! त्या उदयने चार दिवस तोंड उघडलं नाही. तुम्ही अठरा वर्षं उघडलं नाहीत!"

मी कागदाचा बोळा करून भिरकावला. माझा हात ताटाला लागला आणि भेंड्या खोलीभर उडाल्या. बाबा ओणवे झाले आणि एकेक तुकडा वेचायला लागले. मी त्यांना मदत केली नाही. तेव्हा मला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

खाली बघतच ते म्हणाले, "तू कधी इचारलंस नाय."

"काय?"

"तुझ्या आईने एकदा विचारलं. भावकीने विचारलं. कॅन्टीनमध्येही कोणी ना कोणी विचारायचं, गमतीत. तू एकटीने कधी विचारलं नाहीस. एवढी शिकलीस, मोठी झालीस, पण एकदासुद्धा नाही." त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे ओले नव्हते, उलट चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. "माका वाटायचां, माझ्या चेडवाक, वैजूक, खात्री आसा. तेच्यावर दिवस काढलंय."

मी विचारलं नव्हतं हे खरं. दहाव्या वर्षी, भांडुपला आल्यावर आठ दिवसांनी, दोघं कामाला गेली असताना मी आमची ट्रंक तळापर्यंत उपसली होती. गादीची शिवण उसवून आत हात घालून बघितलं होतं. जग मिळाला नाही तेव्हा मी ठरवलं की त्यांनी तो विकला असणार. पुढे लिलावगृहात नोकरी लागली, तिथे असा काचेचा-चांदीचा जग आला की मी आधी वस्तू बघायची नाही, आणणाऱ्याचं नाव बघायची. मला भीती असायची की कोणीतरी जुना दुकानदार येईल आणि अकराव्या प्रश्नाला उत्तर देईल, हा मी अठ्ठ्याहत्तर साली एका बटलरकडून घेतला. सव्वीस वर्षं मी त्यांना विचारलं नाही, कारण उत्तर 'हो' येईल असंच मला वाटत होतं. उदय त्रिलोकेकर तो जग घेऊन माझ्यासमोर बसला त्या दिवसापर्यंत मीही माझ्या बापाला चोरच समजत होते. आईने निदान तोंडावर विचारलं होतं.

"होती ना खात्री?" बाबांनी विचारलं.

"होती," मी म्हटलं. "कायम होती."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, आणि घरी कोणी आलं की त्याला सांगायचे, आमच्या वैजूने एकदाही विचारलं नाही. मी चहा आणायला आत जायची.

उदय त्रिलोकेकर अजून आहे म्हणतात. त्याने लिहून दिलेल्या खोट्याबद्दल मी त्याला अजून शिव्या घालते, मोठमोठ्याने, घरात एकटी असले की. आणि घालता घालता दर वेळी मधेच थांबते.